फुकेतमध्ये रात्र किती वाजता संपते?

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. २०२४च्या दिवाळीत तो आणि त्याचे तीन मित्र थायलंडमधल्या फुकेत बेटावर जाऊन आले. फोटो दाखवून झाले, आणलेला खाऊ वाटून झाला आणि मग त्याने मला एक कोडे घातले.

‘‘मामा, आम्ही समुद्राजवळच्या एका हॉटेलात जेवत होतो. एक जण गिटारवर छान गात होता. पावणेबारा वाजले आणि मालकीणबाई हात जोडून म्हणाल्या, आता शेवटची ऑर्डर द्या. बाराला गाणे बंद, बाटल्या आत, निम्मे दिवे मालवले. आम्ही उठलो आणि पाच मिनिटांवरच्या रस्त्यावर गेलो, तर तिथे नुसती जत्रा! कानठळ्या बसतील असे संगीत, आणि ते म्हणे पहाटे चारपर्यंत चालणार. बेट एक, पोलीस ठाणे एक, मग वेळा दोन कशा?’’

मी त्याला म्हटले, बाबा रे, दोन नव्हेत, नीट मोजल्या तर जास्तच भरतील. या वेळांचे गणित मी पुढे बरेच दिवस जमवत बसलो. त्यातून जे हाती लागले ते आज तुम्हाला सांगतो. तुम्ही म्हणाल, परक्या मुलखातले बार कधी बंद होतात याच्याशी आपल्याला काय देणेघेणे? तर, एक म्हणजे आपल्याकडची हजारो मुले आता तिथे जातात. भारतीयांना नोव्हेंबर २०२३पासून थायलंडने व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि २०२४ साली वीस लाखांहून अधिक भारतीय त्या देशात गेले. आणि दुसरे कारण पुढे येईलच.

आधी बेट पाहू. फुकेत म्हटले की मराठी कानाला ‘फुकट’ ऐकू येते. प्रत्यक्षात तिथे फुकट काहीच मिळत नाही. मलय भाषेत टेकडीला ‘बुकित’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले असे मानतात. क्षेत्रफळ सुमारे ५४३ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडे कमी. या बेटाचे पोट आधी पर्यटनावर नव्हते. ते कथलाच्या खाणींवर आणि रबराच्या मळ्यांवर होते. खाणीत राबायला चीनच्या किनाऱ्यावरून माणसे आली आणि इथलीच झाली. १९८०च्या दशकात कथलाचा भाव कोसळला. १९८६मध्ये कथलाच्या मळीतून टँटॅलम काढणारा एक कारखाना, प्रदूषणाच्या भीतीने चिडलेल्या लोकांनी जाळून टाकला. त्यानंतर बेटाने पर्यटनाचा रस्ता धरला तो कायमचा. पश्चिम किनाऱ्यावर पातोंग नावाचे गाव आहे आणि पातोंगमध्ये बांगला रोड नावाचा जेमतेम ४०० मीटरचा रस्ता. भाच्याची ती जत्रा म्हणजे हाच रस्ता. संध्याकाळी तिथे वाहने बंद करतात आणि मग तो केवळ चालणाऱ्यांचा होतो.

आता थाई लोक रात्र कशी मोजतात ते पाहा, कारण ती मोठी गमतीची गोष्ट आहे. त्यांच्या बोलण्यातल्या घड्याळात संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंतच्या तासांना ‘थुम’ म्हणतात. थुम म्हणजे नगाऱ्याचा आवाज. सातला एक थुम, आठला दोन थुम, असे अकराला पाच थुम. मध्यरात्र उलटली की मात्र शब्द बदलतो आणि ‘ती’ येतो. ‘ती’ म्हणजे ठोकणे. पूर्वी रात्रीचा पहारेकरी ठोके देत असे, त्याची ही आठवण. आपण ‘दोनाचे ठोके पडले’ म्हणतो, अगदी तसेच. एकला ‘ती नुंग’, दोनला ‘ती सोंग’, तीनला ‘ती साम’, चारला ‘ती सी’. म्हणजे मध्यरात्री नुसती तारीख बदलत नाही, रात्रीची भाषाच बदलते. आणि थायलंडच्या कायद्यातही मध्यरात्रीला नेमके हेच घडते.

थायलंडमध्ये १९६६ साली करमणुकीच्या जागांविषयीचा कायदा झाला. नाचघर, यजमानीण बायका बसवणारी मद्यगृहे, मालिशघरे, गाणेबजावणे आणि दारू एकत्र असलेल्या जागा, अशी त्यात वर्गवारी आहे. अशा जागेला वेगळा परवाना लागतो. राजधानीबाहेर तो प्रांताच्या गव्हर्नरकडून मिळवावा लागतो. देऊळ, शाळा, इस्पितळ यांच्या जवळ अशी जागा चालत नाही. वीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला आत घ्यायचे नाही, अठरा वर्षांखालच्या माणसाला कामावर ठेवायचे नाही. हे सगळे समजण्यासारखे आहे. खरी मेख २००३ सालच्या दुरुस्तीत आहे. त्या वेळी वर्गवारीत एक नवे कलम घातले गेले. त्याचा साधा अर्थ असा : जिथे जेवण आणि दारू मिळते, जिथे गाणेबजावणे होते आणि जी जागा मध्यरात्रीनंतर बंद होते, ती करमणुकीची जागा.

पुन्हा एकदा सांगतो, कारण सगळे कोडे इथेच सुटते. तेच टेबल, तोच गिटारवाला, तीच मालकीणबाई. बाराच्या आत दुकान मिटवले तर ते जेवणाचे हॉटेल. बारा वाजून एक मिनिटाने गिटार वाजतच राहिली, तर कायद्याच्या दृष्टीने तिथे वेगळाच धंदा चाललेला असतो, आणि त्या धंद्याचा परवाना बाईंकडे नसतो. आपण समजतो की जागा कोणत्या प्रकारची आहे त्यावरून तिची वेळ ठरते. इथे वेळेवरून जागेचा प्रकार ठरतो!

मग बाईंनी तो परवाना का घेऊ नये? घ्यावासा वाटला तरी सहजी मिळत नाही म्हणून. २००१ साली थाक्सिन शिनावात्रा यांचे सरकार आले. त्यांचे गृहमंत्री पुराचाई पियुमसोम्बून यांनी ‘सामाजिक शिस्त’ या नावाने मोहीम काढली. मध्यरात्री नाचघरांवर छापे पडू लागले, आलेल्या पोरापोरींच्या लघवीची तपासणी होऊ लागली, दोनची वेळ कडकपणे पाळली जाऊ लागली. त्याच सुमारास क्षेत्रे आखण्याचे धोरण आले. नकाशावर रेघा ओढायच्या, रेघेच्या आत करमणूक, बाहेर नाही. २००४च्या नियमांनी आतल्या जागांना दोनपर्यंत मुभा दिली, बाहेरच्यांना त्यांच्या प्रकाराप्रमाणे मध्यरात्र किंवा एक. म्हणजे रस्त्याच्या या बाजूला एक वेळ, त्या बाजूला दुसरी.

याशिवाय दारूचे घड्याळ स्वतंत्र आहे. १९७२ साली लष्करी राजवटीने फर्मान काढले : दारूची विक्री सकाळी ११ ते दुपारी २ आणि संध्याकाळी ५ ते मध्यरात्र, एवढ्याच वेळात. मधले तीन तास का वगळले? सरकारी नोकर जेवणाच्या सुट्टीत प्यायला बसले की कचेरीत परतत नाहीत म्हणून, असे सांगितले जाते. (आपल्याकडे सुट्टीनंतर न परतण्याला दारू लागत नाही, हा भाग वेगळा.) राजवटी गेल्या, सरकारे आली, २००८ साली मद्यनियंत्रणाचा नवा कायदा आला, पण त्या कारकुनांसाठी घातलेली दुपारची बंदी पन्नास वर्षे टिकली आणि उन्हात भाजून निघालेला पर्यटक थंड बिअर मागायला गेला की त्याला पाचपर्यंत थांब म्हणून सांगण्यात येऊ लागले.

तर हिशेब असा झाला. जागेचे एक घड्याळ, क्षेत्राचे दुसरे, दारूचे तिसरे. शिवाय बुद्धपौर्णिमेसारखे ठरावीक बौद्ध सण आणि मतदानाची वेळ, तेव्हा विक्री बंद. आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचा अपवाद निराळाच, त्या रात्री परवान्याच्या जागा सकाळी सहापर्यंत चालू राहू शकतात.

एवढी घड्याळे एका ठिकाणी आली की त्यांतले एकही बरोबर चालत नाही. पातोंगमध्ये तेच झाले. कागदावर दोनची वेळ असताना बांगला रोडवरचे बार तीनला, चारला चालू असत, हे तिथे गेलेल्या कोणालाही ठाऊक होते. गिऱ्हाईक युरोपातून येते, रात्री दहाला जेवायला बसते, बाराला बाहेर पडते. त्याचा धंदा करायचा तर दोनला कुलूप लावून कसे चालेल? मग वरचे दोन तास विकत घ्यावे लागतात. कोणाकडून, हे मराठी माणसाला सांगायला नको. आपल्याकडे त्याला ‘हप्ता’ म्हणतात. थाई भाषेत शब्द आहे ‘सुवाय’. हा शब्दही जुना आहे. राजेशाहीच्या काळात राजाच्या वेठीला माणूस जाऊ शकला नाही, तर त्याबदली तो धान्य, लाकूड, धातू असे काहीतरी भरत असे, ते सुवाय. आज राजाची वेठ गेली, पण वर्दीतल्या माणसाला महिन्याकाठी पोचवायच्या पाकिटाला तो शब्द चिकटून राहिला. आपला ‘हप्ता’ आठवड्याचा, त्यांचा ‘सुवाय’ राजाचा, एवढाच फरक!

हप्त्याला आपण सरसकट भ्रष्टाचार म्हणून मोकळे होतो. मला त्यातली एक गोष्ट जास्त गंभीर वाटते. ज्या जागेने वेळ विकत घेतली आहे, त्या जागेकडे तपासणीला कोणी येत नाही. येतो तो पाकीट घेऊन जातो. मागचे दार उघडते का, छताला कशाचा मुलामा दिला आहे, आत माणसे किती कोंबली आहेत, हे पाहायचे कोणी? जी जागा कागदावर ‘जेवणाचे हॉटेल’ आहे, तिला नाचघराचे अग्निनियम लागूच होत नाहीत. थाईमध्ये दोनला ‘सोंग’ म्हणतात हे मघाशी सांगितले; तर हॉटेलाचे सोंग घेतलेली ही नाचघरे.

१ जानेवारी २००९च्या पहाटे बँकॉकच्या सांतिका क्लबमध्ये नववर्षाच्या जल्लोषात आग लागली, साठहून अधिक माणसे गेली. १७ ऑगस्ट २०१२च्या पहाटे खुद्द बांगला रोडवरच्या टायगर डिस्कोला आग लागली, चार जण गेले. ५ ऑगस्ट २०२२ला चोनबुरी प्रांतात ‘माउंटन बी’ नावाच्या जागेत आग लागली. मध्यरात्र उलटून गेली होती. गेलेल्यांचा आकडा पुढे वीसच्या वर गेला. ती जागा हॉटेल म्हणून नोंदलेली होती, चालत होती नाचघर म्हणून. २००३च्या त्या कलमाची आठवण ठेवा. कायद्याने मध्यरात्रीला जी रेघ ओढली होती, ती ओलांडली की तपासणीचे सगळे नियम लागू व्हावेत अशी अपेक्षा होती. घडले उलटे. रेघेपलीकडे जो गेला तो लपून गेला, आणि लपलेल्याला नियम कुठले?

सरकारांनी या दुखण्यावर दोन्ही प्रकारची औषधे करून पाहिली. कडक औषध लष्कराने केले. २२ मे २०१४ला थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि देशभर रात्री १० ते पहाटे ५ संचारबंदी लावली. पण गंमत पाहा. साऱ्या देशात ती १३ जूनला उठली. फुकेत, कोह सामुई आणि पट्टाया इथे मात्र ३ जूनलाच. म्हणजे राजधानीत रात्री घराबाहेर पडायचे नाही आणि बांगला रोडवर मात्र दिवे लागलेले! बेटाची रात्र बंद ठेवणे लष्करालाही परवडले नाही. पुढच्या वर्षी, २०१५मध्ये, त्याच राजवटीने हुकूम काढला की वेळ न पाळणाऱ्या किंवा अल्पवयीनांना आत घेणाऱ्या जागेला पाच वर्षे टाळे लावता येईल. शिक्षा इतकी जबर झाली की, माझ्या मते, तिने पाकिटाचाच भाव वाढवला असणार. ज्या गुन्ह्याला पाच वर्षांचे टाळे, तो न दिसण्याची किंमतही तशीच.

मग करोना आला. १ जुलै २०२१ला लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी विलगीकरणाशिवाय फुकेत खुले झाले, देशात सर्वांत आधी. पाहुणे आले, पण बार बंद. २०१९ साली थायलंडला जवळपास चार कोटी परदेशी पर्यटक आले होते, २०२३मध्ये तो आकडा पावणेतीन कोटींच्या आसपासच होता. पर्यटनमंत्र्यांनी २०२२मध्येच चारची वेळ सुचवली होती. अखेर श्रेठ्ठा थविसिन यांच्या सरकारने निर्णय घेतला आणि १५ डिसेंबर २०२३पासून बँकॉक, चोनबुरी, चियांग माई, फुकेत आणि सामुई इथल्या परवानाधारक करमणुकीच्या जागांना पहाटे चारपर्यंत मुभा मिळाली. चोनबुरी म्हणजे पट्टाया ज्या प्रांतात आहे तो. आणि ज्यात माउंटन बी होते तोही.

या यादीत एक विनोद आहे. सामुई आहे, पण त्याच्या शेजारचे कोह फा-न्गान बेट नाही, कारण तो वेगळा तालुका. आणि जगभरची तरुण पोरे पौर्णिमेच्या रात्री ज्या किनाऱ्यावर उजाडेपर्यंत नाचायला जमतात, तो किनारा नेमका फा-न्गानवर! नियम करणाऱ्याने नकाशा पाहिला, पंचांग पाहिले नाही.

चारची मुभा देताना अटी घातल्या. कॅमेरे हवेत. बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाची श्वासावरून तपासणी करायची सोय हवी. कोणी मर्यादेपेक्षा जास्त प्यालेला निघाला, तर त्याला उतरेपर्यंत बसायला जागा द्यायची, नाहीतर घरी सोडायची व्यवस्था करायची. थायलंडमध्ये वाहन चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा सामान्यतः १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे ३०. दारवानाने गिऱ्हाइकाच्या तोंडाला यंत्र लावावे आणि ‘साहेब, तुम्ही जरा बसा’ म्हणावे, ही कल्पना कागदावर सुंदर आहे. झिंगलेल्या, गर्दीतल्या, दुसऱ्या देशाच्या भाषेत ओरडणाऱ्या माणसाला हे रोज चार वाजता सांगायचे म्हणजे काय, ते त्या दारवानालाच विचारावे. पण अट चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. थायलंड हा रस्त्यावरच्या मृत्यूंसाठी बदनाम देश आहे आणि मरणाऱ्यांत दुचाकीवाले सर्वांत जास्त. पातोंगमधून बेटाच्या आतल्या भागात जायचे तर पातोंगची टेकडी ओलांडावी लागते. तीव्र चढ, तीव्र वळणे. दिवसाही तिथे सांभाळून जावे लागते. रात्रभर नाचून, भाड्याच्या स्कूटरवरून, पावसात त्या उतारावर जाणाऱ्याला कोणतेही घड्याळ वाचवू शकत नाही.

आणि चारला रात्र संपते ती गिऱ्हाइकाची. काम करणारांची त्यानंतर एक तास पुढे जाते. बांगला रोडवरच्या बारमधल्या कितीतरी मुली ईशान्य थायलंडच्या कोरडवाहू खेड्यांतून आलेल्या असतात. बांधकामावर, स्वयंपाकघरात, साफसफाईला म्यानमारमधून आलेले मजूर. मुलीची कमाई पगारापेक्षा गिऱ्हाईक तिच्या नावाने जे पेय घेते त्यातल्या हिश्शावर. दोन तास वाढले म्हणजे तिचे उत्पन्न वाढले, हे खरे. आणि दोन तास जास्त पिणाऱ्यांसमोर हसत बसावे लागले, हेही खरे. वेळेची चर्चा होते तेव्हा मंत्री बोलतात, हॉटेलमालकांच्या संघटना बोलतात, दारूविरोधी मंडळी बोलतात. हे लोक बोलताना मला कुठे फारसे दिसले नाहीत.

२०२५मध्ये बाकीची घड्याळेही हलू लागली. मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या तोंडावर, सणांच्या दिवशीची विक्रीबंदी विमानतळ, हॉटेले आणि परवानाधारक करमणुकीच्या जागांपुरती सैल केली. ८ नोव्हेंबरला मद्यनियंत्रणाचा सुधारित कायदा लागू झाला आणि त्यात नवलाची गोष्ट अशी की, निषिद्ध वेळेत विकणाऱ्याबरोबर पिणाऱ्यालाही १०,००० बाटच्या घरातला दंड. आता पंचाईत पाहा. अकरा एकोणसाठला घेतलेला पेला, बारा वाजून पाच मिनिटांनी हातात आहे. विकणाऱ्याने नियम पाळला, पिणारा गुन्हेगार! हॉटेलवाल्यांनी ओरड केली. मग ३ डिसेंबरपासून १८० दिवसांचा प्रयोग म्हणून दुपारची बंदी उठवली आणि मध्यरात्रीपर्यंत घेतलेले संपवायला एकपर्यंत वेळ दिली. १९७२च्या त्या कचेरीतल्या कारकुनांना अखेर त्रेपन्न वर्षांनी दुपारी कामावर असल्याचे मानले गेले.

आता आपल्याकडे येतो, कारण सुरुवातीला म्हटलेले दुसरे कारण इथे आहे. गोव्याचे घड्याळ दारूला बांधलेले नाही तेवढे आवाजाला बांधलेले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. म्हणून काणकोणच्या पाळोळ्याला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या निघाल्या. बाहेरून पाहिले तर शेकडो माणसे शांततेत उड्या मारताना दिसतात. नियमात एक फट आहे : बंदिस्त सभागृहाला तो तसा लागू नाही. फट कळली की सगळ्यांना भिंती सुचतात. उघड्यावरचा नाच आत जातो, आवाज आत कोंडतो, आणि माणसेही.

६ डिसेंबर २०२५च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या एका नाइटक्लबला आग लागली. पंचवीस जण गेले. त्यांतले वीस तिथले कामगार होते, बहुतेक दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले. त्या क्लबचे मालक काही तासांत विमानाने निघाले ते थेट फुकेतला. तिथेच त्यांना ताब्यात घेतले गेले आणि दहा दिवसांच्या आत भारतात परत आणले गेले. खटल्यात काय व्हायचे ते होईल. माझे लक्ष त्या रात्रीनंतर सुरू झालेल्या प्रश्नांकडे गेले : परवाना कोणता होता, बांधकामाला परवानगी होती का, पाडण्याची नोटीस निघाली होती तर जागा चालू कशी. पातोंग आणि बँकॉक इथल्या आगींनंतर हेच प्रश्न विचारले गेले होते, जवळजवळ याच क्रमाने. मुंबईतही डिसेंबर २०१७च्या कमला मिलच्या आगीनंतर, चौदा जण गेल्यावर, हेच. मुंबईत बार किती वाजता बंद व्हावेत, दीडला की कधीच नाही, यावर जानेवारी २०२०मध्ये ‘रात्रजीवना’च्या निमित्ताने भरपूर वाद झाला. दीडची वेळ तशीच राहिली. दारे बाहेरच्या बाजूला उघडतात की आतल्या, यावर तेवढा वाद झाल्याचे मला आठवत नाही.

तेव्हा चारची वेळ बरी की वाईट, असे मला कोणी विचारले, तर मी वेळेला दोष देणार नाही. पाळली जाईल अशी चारची वेळ ही न पाळल्या जाणाऱ्या दोनच्या वेळेपेक्षा बरी, असे माझे मत आहे, कारण चारपर्यंत उजळ माथ्याने चालणाऱ्या जागेत तपासनीस शिरू शकतो. मात्र हे मत एका अटीवर टिकते. परवान्याच्या यादीत नव्या जागा यायला हव्यात, आणि पाकीट घेणाऱ्याच्या हातून तपासणीचे काम काढून घ्यायला हवे. पातोंगच्या राहिवाशाला विचाराल तर तो तिसरेच काही सांगेल. त्याचे मूल सकाळी शाळेत जाते आणि त्याच्या खिडकीखाली पहाटे चारला स्कूटर सुरू होतात.

तुमच्या घरातले कोणी तिकडे निघाले असेल, तर त्याला एवढे सांगा. पाटी ‘रेस्टॉरंट’ची आणि आत एकनंतरही नाच चाललेला, असे दिसले तर आधी बाहेरचे दुसरे दार कुठे आहे ते पाहून ठेवायचे. दिसले नाही तर बसायचे नाही. वीस वर्षे पूर्ण नसतील तर बारच्या दारात हुज्जत घालायची नाही. मतदानाच्या दिवशी दारू मिळत नाही म्हणून कोणावर चिडायचे नाही. आणि टेकडीवरून स्कूटर नको. तिथली टॅक्सी महाग आहे, हे मान्य.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘मामा, त्या बाई आम्हाला उठवत होत्या तेव्हा आम्ही त्यांच्यावर वैतागलो होतो. बिल देताना त्यांनी घड्याळाकडे बोट केले आणि हसून काहीतरी म्हणाल्या. आम्हाला कळले नाही.’’ हॉटेलवर परतताना ते कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात पाणी घ्यायला शिरले. आत दिवे लखलखत होते, वेफर्स होते, आइस्क्रीम होते. फक्त बिअरच्या कपाटावर पडदा ओढून त्याला कुलूप लावलेले होते. काउंटरवरच्या मुलीने पाण्याच्या बाटल्या पिशवीत घातल्या. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.